कलेजी आतून गुलाबी का चालत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोंबडीच्या कलेजीविषयी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेक जण कलेजीला मांसाच्या तुकड्यासारखेच वागवतात. पण तिच्यात रक्त आणि पाणी जास्त असते, वरचे आवरण अगदी पातळ असते आणि जंतू वरच्या पृष्ठभागापुरते नसून आतही असू शकतात. त्यामुळे ठेवणे, वितळवणे, शिजवणे यांत तिची स्वतःची शिस्त पाळावी लागते.

प्रश्न: कलेजी आणल्यावर मी ती नळाखाली स्वच्छ धुऊन डब्यात भरते आणि फ्रिजमध्ये ठेवते. तीन दिवसांनी उघडली तर तळाशी लालसर पाणी आणि किंचित वास. धुऊनही असे का होते? किती दिवस ठेवता येते?

धुतल्यामुळेच हे लवकर झाले. पाण्याने कलेजीवरचे जंतू जात नाहीत. उलट बारीक तुषारांबरोबर ते सिंक, नळाची चावी, शेजारी ठेवलेली भाजी आणि तुमचे कपडे यांवर पसरतात. वर कलेजी ओली राहते आणि ओल्या पृष्ठभागावर जंतूंची वाढ अधिक जोमाने होते. म्हणून न धुता टिश्यू पेपरने टिपून घ्या. हाडाचा कण, पीस किंवा गोठलेले रक्त चिकटलेले असेल तर ते ओल्या टिश्यूने उचला आणि तो टिश्यू लगेच फेका.

मुदतीचे म्हणाल तर कच्ची कलेजी ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात १ ते २ दिवस. तिसरा दिवस धरू नका. ही मुदत घरी आणल्यापासून मोजतो आपण, पण कोंबडी कापून किती वेळ झाला हे बहुधा माहीत नसते, म्हणून दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत ताणण्यापेक्षा पहिल्याच दिवशी निर्णय घ्यावा: उद्या शिजवायची असेल तर फ्रिज, नाहीतर आत्ताच फ्रीझर. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग 'वाया नको जायला' म्हणून गोठवलेली कलेजी वितळल्यावरही दोन दिवसांची शिळीच असते. गोठवल्याने घड्याळ थांबते, मागे जात नाही.

ठेवताना उभ्या कडांचा, घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाशी दुमडलेला टिश्यू घाला, वर कलेजी एकाच थरात पसरा. डबा सर्वांत खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेवा. तिथे गारवा जास्त असतो आणि चुकून गळलेच तर ते रक्तमिश्रित पाणी खालच्या तयार जेवणावर पडत नाही. फ्रिजच्या दारात कधीच नको, दार उघडले की तिथले तापमान सर्वांत आधी चढते. फ्रिजवरचा १ ते ५ आकड्यांचा खटका म्हणजे अंश नव्हेत. आत एक साधा फ्रिज-थर्मामीटर ठेवून खात्री करा.

वासाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आंबट किंवा अमोनियासारखा वास, बोटाला चिकटणारा बुळबुळीतपणा ही खराब झाल्याची खूण, अशी कलेजी टाकून द्यायची. पण वास नाही म्हणजे ती निर्धोक, असे नाही. पोट बिघडवणारे कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू ना वास बदलतात ना रंग.

प्रश्न: एका कलेजीच्या कडेला हिरवट डाग होता. दुसरी अगदी फिकट, पिवळसर होती. दोन्ही टाकून दिल्या. बरोबर केले का?

हिरव्या डागाच्या बाबतीत काळजी योग्य होती. कलेजीच्या दोन पाळ्यांच्या मध्ये, खालच्या बाजूला पित्ताची पिशवी चिकटलेली असते. ती काढताना फुटली की हिरवे पित्त कलेजीवर सांडते. पित्त इतके कडू असते की त्याचा एक डाग संपूर्ण पातेल्याची चव बिघडवतो, आणि तो कडवटपणा कितीही शिजवले, मसाला घातला तरी जात नाही. डाग लहान असेल तर त्याच्याभोवतीचा अर्धा सेंटिमीटर भाग धरून कापून टाका आणि सुरी पुसून मगच पुढची कलेजी घ्या, नाहीतर तेच पित्त पुढच्या तुकड्याला लागते. पिशवीच शिल्लक असेल तर ती दाबू नका. तिच्या मुळाशी थोडी कलेजी सोडून कापा. पूर्ण कलेजी हिरवी पडली असेल तर ती खाऊ नये.

पिवळसर कलेजी मात्र बहुधा चांगली होती. कोंबडीच्या कलेजीचा रंग गडद तपकिरीपासून पिवळसरपर्यंत बदलतो. चरबीचे प्रमाण जास्त असले की ती फिकट दिसते, खाद्यानेही फरक पडतो. ती शिजवल्यावर अधिक मऊ लागते आणि कच्ची असताना हाताळली की लवकर फाटते, म्हणून उलटताना चिमट्याऐवजी पातळ उलथणे वापरा. पांढरे घट्ट ठिपके, गाठी किंवा पू दिसला तर प्रश्नच नाही, टाकून द्या.

साफ करताना आणखी एक काम. दोन पाळ्यांना जोडणारी पांढरी शीर सुरीच्या टोकाने काढा. ती शिजत नाही, आकसते, आणि तिच्यामुळे कलेजी तव्यावर वाकडी होऊन एका बाजूने कच्ची राहते.

प्रश्न: एकदम एक किलो आणून गोठवते. वितळवल्यावर कलेजीचा लगदा होतो. कुठे चुकते?

एक किलोचा गोळा गोठायला फार वेळ लागतो, चूक तिथेच आहे. पाणी सावकाश गोठले की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि कलेजीच्या नाजूक पेशी फोडतात. वितळताना त्या पेशींतले पाणी बाहेर येते, राहतो तो लगदा. उपाय सोपा: एका वेळी लागेल तेवढी, साधारण २०० ते २५० ग्रॅम, टिपून कोरडी केलेली कलेजी जाड फ्रीझर-पिशवीत भरा, हाताने दाबून हवा काढा आणि पिशवी आडवी ठेवून दोन सेंटिमीटरच्या सपाट वडीसारखी करा. फ्रीझरच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर ती लवकर गोठते. पिशवीवर तारीख घाला. उणे १८ अंशांवर ती तीन-चार महिने चांगली राहते. त्यानंतर धोका वाढत नाही, पण चरबी खवट होऊ लागते आणि हवा लागलेल्या जागा पांढऱ्या, कोरड्या पडतात.

वितळवायची असेल तेव्हा आदल्या रात्री पिशवी डब्यात ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. सपाट वडी दहा-बारा तासांत सुटते. घाई असेल तर न गळणारी पिशवी गार पाण्यात बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. २५० ग्रॅमला साधारण तास लागतो. अशी वितळवलेली कलेजी लगेच शिजवायची. ओट्यावर ठेवून वितळवणे पूर्ण बंद करा: मधला भाग बर्फ असतानाच कडा तासन्‌तास कोमट राहतात आणि जंतूंना तेवढी संधी पुरते. फ्रिजमध्ये वितळवलेली कच्ची कलेजी पुन्हा गोठवली तर चालते, पोत मात्र आणखी बिघडतो. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेली असेल तर आधी शिजवा, मगच गोठवा.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज बऱ्याच पत्रांत आहे. कॅम्पिलोबॅक्टरची संख्या गोठवल्याने कमी होते, शून्य होत नाही. साल्मोनेला तर फ्रीझरमध्ये बऱ्यापैकी टिकून राहतो. वितळलेली कलेजी ताज्या कच्च्या कलेजीइतकीच धोक्याची समजा.

प्रश्न: अनेक पाककृतींमध्ये 'कलेजी आतून गुलाबी ठेवा, तरच मऊ लागते' असे सांगतात. मी तसेच करतो आणि मऊ होतेही. मग हे चूक आहे असे काही लोक का म्हणतात?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सविस्तर.

अख्ख्या मांसाच्या मोठ्या तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. तो बाहेरून जोरात भाजला की वरचे मरतात, म्हणून आत थोडा कच्चा ठेवण्याची पद्धत पडली. कोंबडीच्या कलेजीला हा तर्क लागू होत नाही. यकृत नलिका आणि रक्तवाहिन्यांनी आतड्याशी जोडलेले असते. कोंबडीच्या आतड्यात सहज आढळणारा कॅम्पिलोबॅक्टर कलेजीच्या आतल्या भागातही सापडतो. बाहेरून खरपूस, आत गुलाबी अशा कलेजीत त्याला काहीच झालेले नसते. हा जंतू गार कलेजीत वाढत नाही, त्याला वाढायला ३० अंशांहून जास्त उष्णता लागते, पण त्याला वाढण्याची गरजही नसते. काहीशे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कोंबडीच्या कलेजीच्या गुलाबी ठेवलेल्या पातेमुळे (पाते म्हणजे शिजवलेली कलेजी लोण्याबरोबर वाटून केलेला मऊ लेप) लग्नसमारंभ आणि हॉटेलांत अनेकांना एकदम बाधा झाल्याच्या घटना ब्रिटनमध्ये वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. वरून ब्रँडी ओतून पेटवण्याची पद्धतही वाचवत नाही. ज्वाळा वर असते आणि आतले तापमान जेमतेम हलते.

आता तापमान. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस यायला हवेत. किंवा ७० अंश येऊन ते सलग दोन मिनिटे टिकायला हवेत. दोन्हींचा परिणाम सारखाच. जंतू मारण्यात तापमान आणि वेळ मिळून काम करतात, तापमान कमी असेल तर वेळ वाढवावा लागतो.

तुमची मऊपणाची अडचण खरी आहे, ती आम्ही उडवून लावत नाही. कलेजी कडक आणि रवाळ होते ती बहुधा ८० अंशांच्या पुढे गेल्यावर, कारण प्रथिने आकसून पाणी पिळून काढतात. म्हणजे ७४ ते ८० हा आपला पट्टा. तो अरुंद आहे, पण त्यात कलेजी पूर्ण शिजलेलीही असते आणि मऊही. गुलाबी ठेवणारे लोक खरे तर कडकपणाला घाबरतात, आणि कडकपणा येतो अंदाजाने शिजवल्यामुळे. थर्मामीटर हाती असेल तर दोन्ही भीती संपतात.

थर्मामीटर डिजिटल, बारीक टोकाचाच घ्या. घड्याळासारख्या तबकडीच्या थर्मामीटरची सळई साधारण पाच सेंटिमीटर आत जावी लागते. कलेजी एवढी जाड नसते, त्यामुळे तो आकडा चुकीचा दाखवतो. टोक वरून खुपसू नका, तव्यालाच टेकेल. कलेजी चिमट्याने उचलून बाजूने, लांबीच्या दिशेने मधोमध घाला. एक नव्हे, सर्वांत मोठे तीन तुकडे तपासा, आणि कच्च्या तुकड्यात घातलेले टोक पुन्हा वापरण्यापूर्वी साबणाच्या गरम पाण्याने धुवा. थर्मामीटरची परीक्षा घ्यायची असेल तर बर्फाच्या चुऱ्याने भरलेल्या पेल्यात थोडे पाणी घालून टोक बुडवा, ० अंश दिसले पाहिजेत.

थर्मामीटर नसेल तर सर्वांत जाड तुकडा मधोमध कापा. आत लाल किंवा गुलाबी छटा नको, रस पारदर्शक हवा, कापलेला भाग सर्वत्र एकसारखा तपकिरी-करडा आणि दाबल्यावर घट्ट लागणारा हवा. पण रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. काही कलेज्या लवकर तपकिरी होतात, काही शिजूनही किंचित गुलाबी राहतात. थर्मामीटर नसणाऱ्यांना आमचा सल्ला आहे की कोरडी परतण्याऐवजी उकळत्या रश्शात शिजवा. सर्व बाजूंनी सारखी उष्णता पोचते आणि चुकीला जागा कमी राहते.

प्रश्न: मग तव्यावर नेमकी कशी करायची? माझ्याकडे तेल इतके उडते की हात भाजतात, आणि कलेजी तळायच्या ऐवजी उकडल्यासारखी होते.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच, पाणी. ओली कलेजी गरम तेलात पडली की पाण्याची वाफ होऊन तेल फेकले जाते. कलेजीच्या पातळ आवरणाखाली वाफ अडकली तर तो भाग फुग्यासारखा फुटतो. आणि तव्यात गर्दी झाली की सुटलेले पाणी उडून जायला जागा मिळत नाही, कलेजी त्यातच शिजते.

२५० ग्रॅमसाठी २६ ते २८ सेंटिमीटरचा जाड तवा किंवा पसरट कढई घ्या. कलेजी फ्रिजमधून काढून टिश्यूने दोनदा टिपा, मधला टिश्यू ओला झाला की नवा घ्या. मोठ्या पाळ्या दोन भागांत कापून सर्व तुकडे साधारण एकाच जाडीचे करा, ही गोष्ट मसाल्यापेक्षाही महत्त्वाची आहे. सुरीच्या टोकाने प्रत्येक तुकड्याला दोन-तीन बारीक टोचे मारा म्हणजे वाफेला वाट मिळते. मीठ आत्ता नको. आधी मीठ लावून ठेवले की दहा मिनिटांत पाणी सुटते आणि टिपण्याची मेहनत वाया जाते. तव्यात टाकण्याच्या क्षणी किंवा शेवटी घाला.

दीड ते दोन टेबलस्पून तेल मध्यम-मोठ्या आचेवर तापवा. तुकडे एकमेकांना न चिकटता, तुमच्यापासून दूरच्या बाजूला कलते ठेवत सोडा. अडीच ते तीन मिनिटे हात लावू नका. खालची बाजू आपोआप सुटते. ओढावी लागत असेल तर अजून तयार नाही. उलटा, आणखी दोन मिनिटे. मग आच मंद करून झाकण ठेवा, एक-दोन मिनिटांत आतले तापमान पोचते. इथून पुढे थर्मामीटर सांगेल तसे. ७४ दिसले की लगेच गरम तव्यातून बाहेर काढा, कारण तव्यातच राहिली तर ती शिजतच राहते. वर जाळीचे झाकण ठेवल्यास तेल उडत नाही आणि वाफही कोंडत नाही.

कांदा घालायचा असेल तर तो आधी वेगळा परतून बाजूला काढा आणि शेवटी मिसळा. बरोबर घातलात तर कांद्याचे पाणी कलेजीला पुन्हा उकडते.

रश्शासाठी: तुकडे प्रत्येक बाजूने एकेक मिनिट परता, उकळत्या रश्शात सोडा, पुन्हा उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा आणि ६ ते ८ मिनिटांनी तपासा. अर्धा तास शिजू दिलेली कलेजी मऊ होत नाही, रवाळ आणि कोरडी होते. मांसात कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन असते, ते सावकाश शिजून विरघळते. कलेजीत विरघळण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून 'आणखी शिजव म्हणजे मऊ होईल' हा नियम इथे उलटा पडतो.

आणि हे विसरू नका: कच्ची कलेजी तव्यात टाकायला वापरलेला चिमटा आणि ती ठेवलेली ताटली शिजलेल्या कलेजीसाठी वापरायची नाही. पुष्कळदा कलेजी नीट शिजते आणि बाधा चिमट्यातून होते. कामानंतर बोर्ड, सुरी, सिंक गरम पाणी आणि साबणाने घासा. मग ४ लिटर पाण्यात १ टेबलस्पून बिनवासाचे क्लोरीन ब्लीच मिसळून पुसून वाळू द्या. हात २० सेकंद साबणाने धुवा. स्पंजने कच्च्याचे पाणी पुसले असेल तर तो स्पंज फेकलेला बरा.

प्रश्न: दुधात भिजवल्याने कलेजीतले विष निघून जाते हे खरे का?

कलेजी विष साठवून ठेवत नाही. यकृत नको असलेल्या पदार्थांचे रूपांतर करून ते शरीराबाहेर धाडते. त्यामुळे दुधाने 'विष निघते' हे खरे नाही. दुधात भिजवल्याने थोडे रक्त बाहेर येते आणि लोखंडासारखी चव किंचित सौम्य होते, एवढेच. हवे असल्यास अर्धा ते दोन तास, फ्रिजमध्ये, झाकून भिजवा, दूध फेकून द्या आणि कलेजी पुन्हा टिपा. जंतू जात नाहीत. लिंबू, व्हिनेगर, दह्यात मुरवल्यानेही जात नाहीत, उलट जास्त वेळ आंबटात राहिली तर बाहेरचा थर घट्ट होतो. तीस मिनिटांपुढे नको. मुरवलेले पाणी रश्शात घालायचे असेल तर ते आधी खळखळून उकळायला हवे.

प्रश्न: प्रेशर कुकर किंवा मायक्रोवेव्ह?

कुकर सुरक्षित आहे, पण चवीला न्याय देत नाही. आतले तापमान शंभराच्या वर जाते आणि शिट्टी होईपर्यंत कलेजी ८० कधीच ओलांडून गेलेली असते. मायक्रोवेव्हमध्ये आवरण फुटून तुकडे उडतात आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही, एक तुकडा रबर तर शेजारचा कच्चा. कच्ची कलेजी त्यात शिजवू नका. शिजलेली गरम करायला चालेल.

प्रश्न: शिजलेली कलेजी उरली तर? आणि पाते करून वर लोण्याचा थर दिला तर आठवडाभर टिकते का?

शिजलेली कलेजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे. खोलीत ३२ अंशांहून जास्त उष्णता असेल तर एका तासात. खोल पातेल्यात ठेवली तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट भांड्यात पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा थर करा. गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. ३ ते ४ दिवसांत संपवा. गरम करताना पुन्हा ७४ अंश, वाफ निघेपर्यंत, आणि एकदाच. जेवढी खायची तेवढीच काढून तापवा.

लोण्याच्या थराबद्दल मोठा गैरसमज आहे. तो हवा अडवतो, त्यामुळे पाते काळपट पडत नाही आणि कोरडे होत नाही. जंतू तो मारत नाही. काही जंतूंना तर हवा नसलेलीच जागा आवडते: असे हवाबंद भांडे फ्रिजबाहेर राहिले तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू जागे होऊन विष तयार करू शकतात. हे बीजाणू साध्या शिजवण्याने मरत नाहीत. म्हणून कलेजीचे पाते घरी बाटलीबंद करून कपाटात ठेवण्याचा विचारही करू नका. लिस्टेरिया हा आणखी एक जंतू असा की तो फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. त्यामुळे लोण्याचा थर असो वा नसो, मुदत तीच, ३ ते ४ दिवस.

पाते करायचे असेल तर कलेजी आधी पूर्ण ७४ अंशांवर शिजवा, गरम असतानाच लोण्याबरोबर वाटा, गाळणीतून घासून काढा आणि लहान उथळ वाट्यांत भरा. मोठे भांडे भरले की थंड व्हायला वेळ लागतो आणि रोज उघडले जाते. लहान वाटी एका बैठकीत संपते. गुलाबी रंगासाठी कलेजी कच्ची ठेवू नका, पूर्ण शिजलेल्या कलेजीचा रंग करडा-तपकिरीच असतो आणि चवीत त्याने काही उणे होत नाही.

प्रश्न: रक्त वाढते म्हणून घरात सर्वांना रोज कलेजी द्यावी का? माझी सून गरोदर आहे, नातू दोन वर्षांचा आहे.

सूनबाईंना कलेजी देऊ नका. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. १०० ग्रॅम कच्च्या कोंबडीच्या कलेजीत साधारण ३३०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात असते, आणि प्रौढांसाठी दिवसाची वरची सुरक्षित मर्यादा ३००० मानली जाते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, रेटिनॉल फार झाले तर बाळाच्या वाढीत दोष निर्माण होऊ शकतात. पाते त्यांनी लिस्टेरियामुळेही टाळावे. लोह हवे असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हाच भरवशाचा मार्ग आहे.

नातवाला आठवड्यातून एकदा, एखाद-दोन चमचे, पूर्ण शिजवून बारीक केलेली. त्याहून जास्त नको, लहान मुलांची रेटिनॉलची मर्यादा प्रौढांच्या तुलनेत खूपच कमी असते. बाकी निरोगी मोठ्यांनी आठवड्यातून एकदा ७५ ते १०० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन कलेज्या, एवढ्यावर थांबावे. अ जीवनसत्त्व शरीर साठवून ठेवते, लघवीवाटे टाकत नाही. म्हणून रोज खाण्याने ते साचत जाते. त्याच जोडीला अ जीवनसत्त्वाच्या किंवा माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या चालू असतील तर एक काहीतरी बंद करा.

कलेजी पौष्टिक आहे यात शंका नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम लोह, भरपूर फोलेट आणि बी-१२ मिळते. आणि नेमके म्हणूनच थोडी पुरते. गाऊट असलेल्यांनी टाळावी, तिच्यातले प्युरिन युरिक आम्ल वाढवते. कोलेस्टेरॉलची पथ्ये असतील तर डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: काल जेवताना लक्षात आले की कलेजी आतून कच्ची होती. चौघांनी खाल्ली आहे. आज कुणाला काही झाले नाही. सुटलो ना?

अजून सांगता येत नाही. कॅम्पिलोबॅक्टरची लक्षणे बहुधा २ ते ५ दिवसांनी दिसतात, क्वचित दहा दिवसांपर्यंत. म्हणूनच बरेच जण बिघडलेल्या पोटाचा दोष आदल्या रात्रीच्या जेवणाला देतात. आत्ता काही औषध घेण्याची गरज नाही. ताप, पोटात मुरडा, पातळ शौच सुरू झाले तर ओआरएस आणि पाणी थोडे थोडे पीत राहा. शौचात रक्त दिसले, ताप ३९ अंशांच्या वर गेला, तीन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, किंवा लघवी कमी झाली, चक्कर येऊ लागली तर डॉक्टरांकडे जा आणि कच्ची कलेजी खाल्ल्याचे सांगा. रक्त पडत असताना जुलाब थांबवण्याची गोळी स्वतःहून घेऊ नका. गरोदर, पाच वर्षांखालील, पासष्टीपुढील किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कुणी खाल्ली असेल तर पहिल्याच लक्षणाला जा. बरे झाल्यावर काही आठवड्यांत पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा वर चढत जाताना जाणवला तर तातडीने रुग्णालय गाठा. हे फार क्वचित होते, पण या जंतुसंसर्गानंतर गिलाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार होऊ शकतो.

प्रश्न: कापताना निघालेल्या शिरा आणि उरलेली कलेजी मांजराला घालतो. कच्चीच घालतो, तिला आवडते.

शिजवून घाला, कच्ची नको. मांजराला बाधा झाली नाही तरी तिच्या तोंडाला, भांड्याला आणि विष्ठेला लागलेले जंतू घरातल्या माणसांपर्यंत येतात. मीठ, तिखट, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. प्रमाणही आवरा. रोज कलेजीवर वाढवलेल्या मांजरांना अ जीवनसत्त्व जास्त झाल्याने मानेची आणि पुढच्या पायांची हाडे एकमेकांना जुळून जखडतात, आणि ती जखडलेली हाडे पुन्हा पूर्ववत होत नाहीत. आठवड्यातून एकदा, तिच्या एका वेळच्या खाण्यातला छोटासा भाग, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढे दोन तुकडे, पुरेत. बाकीच्या शिरा आणि कापलेले हिरवे भाग बंद पिशवीत घालून त्याच दिवशी कचऱ्यात टाका.